शब्द चुकला, की निदानही चुकते

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना खिडकीवर तीन गोष्टी विचारल्या जातात: नाव, वय आणि ‘पुरुष की स्त्री’. पुढे डॉक्टरांच्या टेबलापाशी चौथा प्रश्न येतो, ‘लग्न झालंय का?’ रांगेतल्या बहुतेकांना या प्रश्नांत अडखळण्यासारखे काही वाटत नाही. काही जण मात्र इथेच अडतात. कुणाचे आधार कार्डावरचे नाव पुरुषाचे असते आणि अंगावर साडी असते. कुणाचे लग्न झालेले नसते, पण अनेक वर्षांचा जोडीदार असतो आणि तोही पुरुष. कुणाचे लग्न झालेले असते, दोन मुले असतात, आणि तरी दुखण्याचे खरे कारण त्या लग्नाबाहेरचे असते. असे रुग्ण एक तर गप्प राहतात, नाही तर सोयीचे उत्तर देतात. काही जण रांग सोडून निघून जातात आणि आजार बराच वाढल्यावर परत येतात.

लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयी आदराने बोलावे, हे सभ्यतेचा भाग म्हणून आता अनेकांना पटते. पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्याचे मोल सभ्यतेपुरते नाही. रुग्णाने सांगितलेली हकिकत हे निदानाचे पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. शब्द टोचला, तर ते साधन हातातून जाते.

‘विकृती’ हा शब्द आला कुठून?

आज पन्नाशीत असलेल्या डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत जी पुस्तके वाचली, त्यांत समलैंगिक संबंध दोन ठिकाणी भेटत: न्यायवैद्यकशास्त्रात ‘अनैसर्गिक गुन्हे’ या मथळ्याखाली आणि मनोविकारशास्त्रात ‘विकृती’ म्हणून. यातला पहिला शब्द वैद्यकाचा नव्हेच. तो १८६० च्या भारतीय दंड संहितेतून, म्हणजे कलम ३७७ मधून आला. निसर्गक्रमाविरुद्ध केलेला शरीरसंबंध हा गुन्हा, असे ब्रिटिशांच्या कायद्याने ठरवले आणि पाठ्यपुस्तकांनी तोच मथळा उचलला.

विज्ञान पुढे गेले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले. पारलिंगी असणेही आता मानसिक आजार मानले जात नाही. संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात तो विषय मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. हार्मोन्स किंवा शस्त्रक्रियेसारखी सेवा हवी असेल, तर ती मिळण्यासाठी नोंद राहावी, एवढाच त्यामागचा हेतू.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ खटल्यात स्वतःची लिंगभाव ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पुस्तके मात्र मागे राहिली. दोन तरुणींना घरच्यांपासून संरक्षण हवे होते, त्या २०२१ च्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी हा विषय समजून घेण्यासाठी आधी स्वतः मानसशास्त्रज्ञांबरोबर सत्र केले आणि मग निकाल दिला. त्याच प्रकरणाच्या पुढच्या सुनावण्यांतून वैद्यकीय अभ्यासक्रमाचा प्रश्न ऐरणीवर आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना आणि लेखक-प्रकाशकांना पुस्तकांतील अपमानकारक, अशास्त्रीय मजकुराबाबत सूचना दिली. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाच्याच नव्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलैंगिक संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत उमटले. टीका झाली, काही दिवसांतच तो दस्तऐवज मागे घेतला गेला आणि सुधारित मसुद्यातून ते शब्द वगळले गेले. शब्दांचे आयुष्य कायद्यापेक्षा लांब असते, हे यातून दिसते.

चार वेगळ्या गोष्टी

बोलण्यातला निम्मा गोंधळ चार गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतो. त्या आधी वेगळ्या करून घेतल्या, तर पुढचे सोपे जाते.

पहिली गोष्ट शरीराची. बाळ जन्मल्यावर बाह्य अवयव पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. काही बाळांत गुणसूत्रे, ग्रंथी, हार्मोन्स किंवा अवयव यांची रचना या दोन साच्यांत नीट बसत नाही. अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात. हा शरीराच्या घडणीचा भाग आहे. ती व्यक्ती मनाने पुरुष, स्त्री की आणखी काही, किंवा तिला कोण आवडते, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट लिंगभावाची, म्हणजे ‘मी पुरुष आहे’, ‘मी स्त्री आहे’ किंवा ‘मी या दोन्हींत बसत नाही’ ही आतली जाणीव. ती जन्मनोंदीपेक्षा वेगळी असेल, तर त्या व्यक्तीला पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. जन्माला मुलगा म्हणून नोंद झालेली आणि स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती ही ट्रान्स स्त्री. उलट असेल तर ट्रान्स पुरुष. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मराठीत आणि सरकारी कागदांवर रुळला आहे. मात्र प्रत्येक ट्रान्स व्यक्ती स्वतःला तृतीयपंथी म्हणवून घेत नाही. ट्रान्स पुरुषांना तर तो अनेकदा आपला वाटतच नाही. हिजडा समाज ही गुरू-चेल्यांची परंपरा असलेली एक सामाजिक रचना आहे. त्या समाजातल्या व्यक्तीने स्वतःसाठी तो शब्द वापरला, तर तिथे तो ओळख सांगतो. दुसऱ्याने चिडवायला वापरला, की तीच शिवी होते.

तिसरी गोष्ट लैंगिक कलाची, म्हणजे शारीरिक व भावनिक ओढ कोणाकडे आहे याची. इथे ‘आवड’ किंवा ‘पसंती’ म्हणण्यापेक्षा ‘कल’ म्हणणे अधिक नेमके. आवड बदलता येते, निवड करता येते. कल निवडलेला नसतो. समलैंगिक, भिन्नलैंगिक, उभयलैंगिक हे शब्द या रकान्यातले. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला गांडूळ ‘उभयलिंगी’ असते, असे सगळ्यांनी पाठ केलेले असते. तिथे अर्थ असतो, नर व मादी दोन्ही अवयव एकाच देहात असणे. वृत्तपत्रांत तोच शब्द स्त्री आणि पुरुष दोघांकडे ओढ असलेल्या व्यक्तीसाठी छापला जातो आणि वाचणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. या अर्थाने ‘उभयलैंगिक’ हाच शब्द बरा.

चौथी गोष्ट वर्तनाची: शरीरसंबंध प्रत्यक्षात कोणाशी येतात. कल आणि वर्तन यांत अंतर असू शकते. पुरुषांशी संबंध ठेवणारे अनेक पुरुष विवाहित असतात आणि स्वतःला ‘गे’ मानत नाहीत. म्हणूनच एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमाला ओळखीचे नाव टाळून ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असा वर्तनावर आधारलेला गट करावा लागला.

प्रश्न कसा विचारला, त्यावर उत्तर

गुप्तरोग विभागात आलेल्या चाळिशीच्या पुरुषाला ‘तुम्ही गे आहात का?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. मग गुदमार्गाची तपासणी होत नाही. गुदमार्गातला गोनोरिया बरेचदा लक्षणांशिवाय असतो, त्यामुळे तो राहून जातो. एचआयव्हीची जोखीम झाल्यापासून ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात, ती संधीही जाते. त्याच्या पत्नीची जोखीम तर कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. याउलट, ‘गेल्या काही महिन्यांत तुमचे शरीरसंबंध पुरुषांशी आले, स्त्रियांशी की दोघांशी? हे सगळ्यांनाच विचारतो, म्हणजे तपासण्या बरोबर ठरवता येतात,’ असे सहज स्वरात विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते. ‘सगळ्यांनाच विचारतो’ हे मात्र खरे असले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न ‘शरीरसंबंध येतात का?’ याच्या जागी वापरण्याची आपल्याकडची रीत आहे. अविवाहित म्हणजे संबंध नाहीत, असे गृहीत धरले जाते आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुचवलीच जात नाही. स्त्रीचे संबंध फक्त स्त्रियांशी असले तरी एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून तिलाही ही तपासणी लागते.

ट्रान्स रुग्णांच्या बाबतीत चुकीच्या गृहीतकाची किंमत फार मोठी असू शकते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेतले एक प्रकरण जगभर चर्चिले गेले. ३२ वर्षांचा एक ट्रान्स पुरुष पोटात तीव्र वेदना होत असल्याने तातडीच्या विभागात आला. आपण ट्रान्सजेंडर आहोत, हे त्याने सांगितले. घरी केलेली गर्भधारणा चाचणी सकारात्मक आल्याचेही सांगितले. पण नोंदीत ‘पुरुष’ होते. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केलेला लठ्ठ पुरुष, असे समजून त्याला तातडीचा रुग्ण ठरवले गेले नाही. काही तासांनी तपासणी झाली, तेव्हा तो गरोदर असल्याचे आणि नाळ खाली सरकल्याचे लक्षात आले. बाळ मृत जन्मले. इथे कुणी अपशब्द वापरला नव्हता. ‘पुरुष’ या एका शब्दावर सगळे इतके विसंबून राहिले, की समोरचा माणूस काय सांगतो आहे ते कानावर पडूनही मनात उतरले नाही.

म्हणून केसपेपरवर दोन वेगळ्या नोंदी उपयोगी पडतात: व्यक्तीची ओळख काय, आणि उपचारासाठी महत्त्वाचे कोणते अवयव व औषधे आहेत. ट्रान्स पुरुषाला गर्भाशय असेल, तर क्ष-किरण तपासणीपूर्वी गर्भधारणेची शक्यता विचारावी लागते. ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेट ग्रंथी असतेच. इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तीचा पाय अचानक सुजला, तर रक्ताच्या गुठळीचा विचार करावा लागतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचे हिमोग्लोबिन वाढू शकते. ही सगळी माहिती विश्वासानेच मिळते. मात्र ज्या तक्रारीसाठी रुग्ण आला आहे, तिच्याशी संबंध नसेल तर ‘ऑपरेशन झालंय का?’ हा प्रश्न विचारू नये. घसा दुखणाऱ्याला तो विचारण्यामागे वैद्यकीय कारण नसते, केवळ कुतूहल असते. विद्यार्थ्यांना किंवा सहकाऱ्यांना ‘बघायला’ बोलावणे, हेही त्यातलेच.

मराठीची अडचण आणि मराठीतलीच सोय

मराठीत क्रियापदही लिंग सांगते. बंगालीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा भेद नाही, मराठीत आहे. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या ट्रान्स व्यक्तीला दिवसातून शंभर वेळा स्वतःची ओळख व्याकरणातून सांगावी लागते, आणि ऐकणाऱ्याने ती शंभर वेळा मोडूही शकते. ‘कशी आहेस?’च्या जागी मुद्दाम ‘कसा आहेस?’ म्हटले, की अपमानासाठी वेगळा शब्द लागत नाही.

पण सोयही याच भाषेत आहे. ‘तू कधी आलास?’, ‘तू कधी आलीस?’ यांत लिंग उघड होते, ‘तुम्ही कधी आलात?’ मध्ये होत नाही. ‘कुठं दुखतंय?’, ‘जेवण केलंत का?’, ‘आत या, बसा’ ही रोजची वाक्ये कोणालाही चालतात. म्हणजे नुसते ‘तुम्ही’ म्हटले, तर आदरही राहतो आणि अंदाजही बांधावा लागत नाही.

खरी पंचाईत होते ती नाते लावून हाक मारण्यात. आपल्या रुग्णालयांत रुग्णाला ताई, दादा, मावशी, काका म्हणण्याची मायेची पद्धत आहे, आणि या प्रत्येक हाकेत लिंग ठरलेले आहे. शंका असेल तर हळू आवाजात विचारावे, ‘तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?’ जे सांगितले जाईल, तेच पुढे वापरावे. रांगेत नाव पुकारताना आधार कार्डावरचे जुने नाव मोठ्याने घेतले, तर शंभर माना वळतात. तिथे केसपेपरचा क्रमांक किंवा नुसते आडनाव पुरते. मराठी आडनावाला लिंग नसते, ‘पाटील, आत या’ म्हटले की झाले.

चूक झालीच, तर ‘माफ करा’ म्हणून शब्द सुधारावा आणि पुढे जावे. लांबलचक दिलगिरीने समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावे लागते.

नावाचा परिणाम मनावर किती खोल असतो, याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येतो. त्यात १२९ ट्रान्स तरुणांना विचारले होते, की घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत यांपैकी कुठे कुठे त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जाते. अशी एक जागा वाढली, की आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ज्या उपायाला खर्च नाही आणि दुष्परिणामही नाही, तो करून पाहायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

घरातली भाषा

रुग्णालयाआधी माणूस घरात आणि शाळेत शब्द ऐकतो. ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द वर्गात गमतीने फेकले जातात आणि घरी टीव्ही पाहताना त्यावर हसले जाते. त्या खोलीत बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्याविषयी काही सांगायचे असेल, तर ते सांगायचे नाही, हे तो तेव्हाच ठरवून टाकतो. सतत लपवणे, पकडले जाण्याची धास्ती, अपमानाची वाट पाहत राहणे या ताणाचा परिणाम झोपेवर, अभ्यासावर, व्यसनांवर होतो. नैराश्याचे प्रमाण या समूहात अधिक आढळते. त्याचे कारण त्यांच्या कलात शोधू नये, या ताणात शोधावे, अशी आजची वैद्यकीय समज आहे.

मुलाने किंवा मुलीने सांगितल्यावर आईवडिलांच्या तोंडून पहिले वाक्य बहुधा निघते, ‘आमचं काय चुकलं?’ त्याचे उत्तर: काहीही चुकलेले नाही. संगोपनामुळे कल घडत नाही आणि बिघडतही नाही. दुसरे वाक्य असते, ‘डॉक्टर, याला बरं करा.’ जे आजार नाही, त्यावर उपचार नसतो. कल किंवा लिंगभाव बदलण्याचा दावा करणारे ‘उपचार’ निष्फळ आणि घातक आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. असा दावा करणाऱ्या डॉक्टरची तक्रार वैद्यक परिषदेकडे करता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही सेवा देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

तिसरा उपाय नातेवाईक सुचवतात, ‘लग्न लावून द्या, सगळं मार्गी लागेल.’ मार्गी काहीच लागत नाही. ज्या मुलीला किंवा मुलाला काहीही न सांगता त्या घरात आणले जाते, त्याचेही आयुष्य त्यात ओढले जाते, आणि काही वर्षांनी दोघेही मनोविकार विभागाच्या बाकावर बसलेले दिसतात.

पालकांना धक्का बसणे, वेळ लागणे स्वाभाविक आहे. पण पहिल्या दिवशी एवढे म्हणता येते: ‘तू सांगितलंस हे बरं केलंस. आम्हाला समजायला वेळ लागेल. पण तू आमचाच आहेस.’ मुलगी असेल तर ‘आमचीच’. आणि मूल मुलगा की मुलगी याविषयीच सांगत असेल, तर शेवटचा शब्द त्याला विचारून घ्यावा. आणखी एक पथ्य: त्याने आपल्याला सांगितले, म्हणजे आत्या-मामांना सांगण्याची परवानगी दिली असे नाही. डॉक्टरांनाही हेच लागू आहे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सोबत आलेल्या भावाला किंवा पत्नीला त्याच्या संमतीशिवाय सांगू नये. जोडीदारालाही संसर्गाची जोखीम असेल, तर ती कशी सांगायची यासाठी रुग्णालाच समुपदेशकाची मदत द्यावी.

मराठीत या विषयावर मोकळेपणाने बोलणे अगदी नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. लोकांनी प्रश्न विचारणे मात्र थांबवले नाही.

सगळे नवे शब्द पाठ असणे कुणालाच शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. शब्द बदलत राहतील. आज योग्य वाटणारा एखादा शब्द वीस वर्षांनी खटकेलही. तोवर एक साधा नियम पुरतो: समोरची व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते, तो आपण वापरावा आणि माहीत नसेल तर विचारावे. मनावरचा ताण असह्य होत असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते. फोन करणाऱ्याने आपली ओळख काय, हे आधी सांगण्याची गरज नसते.